राहणाऱ्यांची जाळी

वहिनी गेली अकरा वर्षं परत जायला निघालेली होती. या खेपेला मात्र ती खरंच जाणार होती, आणि म्हणूनच सकाळपासून तिच्या ओट्यावर कुकर, मिक्सर, पाण्याचा फिल्टर आणि घट्ट झाकणाचे डबे आहेर मांडावा तसे मांडलेले होते.

तिचा नवरा प्लायवूडच्या कारखान्यात देखभाल विभागाचा प्रमुख. जनरेटरपासून नळाच्या वायसरपर्यंत जे जे बिघडेल ते त्याच्या गळ्यात. कारखान्याच्या मागच्या बाजूला बाहेरदेशातून आलेल्यांसाठी बैठ्या घरांची एक ओळ होती, आणि त्या ओळीत तिला पहिल्या आठवड्यापासून सगळे वहिनी म्हणत. ज्यांना मराठीचं दुसरं अक्षर येत नव्हतं तेही वहिनीच म्हणत. त्यांना ते तिचं पाळण्यातलं नाव वाटे.

आली होती दोन वर्षांसाठी. मग लेकीचं कॉलेज निघालं. मग फ्लॅटचे हप्ते. मग लेकीचं लग्न. सबबींना त्या घरात कधी दुष्काळ पडला नाही. पण आता लेक शिकून, लग्न होऊन, एका मुलाची आई झाली होती, फ्लॅट स्वतःचा झाला होता, आणि काही महिन्यांपूर्वी नवरा जेवता जेवता म्हणाला होता, "या वेळी करारावर सही नाही करत. जाऊ या आता." वहिनीने तेव्हा काही आनंद दाखवला नाही. दुधाने दोनतीनदा तोंड पोळलेली बाई, ताक फुंकूनच पिणार. पण दिवस गेले तरी माणूस शब्द फिरवीना, तेव्हा तिने हळूच बॅगा खाली काढल्या.

त्या ओळीत एक रीत होती. जाणाऱ्याने जाताना घर वाटून जायचं. गावातल्या बाजारात कुकर मिळत नसे, आणि मिळालाच तर त्याची शिट्टी मिळत नसे. त्यामुळे वस्तू घरातून घरात फिरत. वहिनीचा कुकर मुळात एका डॉक्टरीणबाईंचा, फिल्टर कुणा एका ब्रह्मचाऱ्याचा. एकदा वाटलं की वाटलं. आणि वाटलेली वस्तू मागे घेतल्याचं त्या ओळीत कुणी ऐकलेलं नव्हतं, कारण वाटणारा माणूस मागे राहतच नसे.

आहेर घ्यायला आली होती शेजारची नवी. हिशेबनीसाची बायको, नुकतीच उतरलेली, नशिबाने मराठी बोलणारी. वहिनी तिला घर फिरवून दाखवत होती.

"मिठाच्या बरणीत तांदूळ टाकून ठेव, नाहीतर मिठाचं पाणी होतं. रवा, पीठ, डाळी, सगळं फ्रीजमध्ये. खाऊच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत उभे करायचे, म्हणजे मुंग्या चढत नाहीत. आणि बाहेर वाळत घातलेला प्रत्येक कपडा इस्त्री करायचा. प्रत्येक. आतलेसुद्धा."

"आतलेसुद्धा?" नवी लाजली.

"ओलसर कपड्यावर माशी अंडी घालते. मग अळी कातडीत शिरते आणि गळू येतं. आमच्या यांना एकदा अशा जागी आलं होतं की आठवडाभर उभ्याने जेवत होते. तेव्हा लाजू नकोस, इस्त्री कर."

मग तिने कपडे ठेवायचं कपाट उघडलं. आत वरच्या कप्प्यात विजेचा एक छोटा दिवा जळत होता. त्याच्या उबेत पाच साड्या घडी करून ठेवल्या होत्या.

"हा दिवा रात्रंदिवस ठेवायचा. नाहीतर पंधरा दिवसांत बुरशी. चपला हिरव्या होतात, पट्टे हिरवे होतात. हे बघ." तिने भिंतीवरचा फोटो दाखवला. लग्नाचा होता. फोटो दमटपणाने काचेलाच चिकटला होता, काच काढली तर नवरा-बायको सोलून निघाले असते.

"साड्या किती सुंदर आहेत! नेसत का नाही तुम्ही?"

"इथे कुणाला दाखवू, पालींना? तिकडच्या आहेत त्या. तिकडे नेसायच्या."

तिकडे म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट. लेक-जावई त्यात राहत होते, तात्पुरते. वहिनी आली की ती दोघं भाड्याचं घर बघणार, असं बोलणं झालेलं होतं. त्या फ्लॅटला पश्चिमेची गॅलरी होती. बाकी बायकांना परत जाऊन काय काय करायचं असतं, वहिनीला फक्त त्या गॅलरीतल्या दोरीवर चादर वाळत घालायची होती. दोन तासांत कडकडीत वाळणारी चादर. अंथरली की जिचा करकरीत आवाज येतो आणि जिला उन्हाचा वास असतो, तशी. अकरा वर्षं ती दमट अंथरुणावर झोपत होती आणि अकरा वर्षं तिला वाटत होतं की आपण अजून कुठेतरी पोचायचे आहोत.

"दोन वर्षं गं, चुटकीसरशी जातात," ती नवीला म्हणाली, आणि कुकर तिच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुतार आला. कारखान्याचाच सुतार, जुना, कानाला पेन्सिल लावलेला. वहिनीला तिथली भाषा बाजारहाटापुरती येत होती आणि सुताराशी तेवढ्यावर भागे. त्याने दाराशी चपला काढल्या, टेप काढला आणि सरळ बैठकीच्या खिडकीला लावला.

"अरे, घर चुकलास," वहिनी म्हणाली. "नवी शेजारी आलीय. तिच्या जाळ्या बदलायच्या असतील."

"तिचंही माप घ्यायचं आहे, मॅडम. पण आधी तुमचं." त्याने जुन्या जाळीवरून बोट फिरवलं. नायलॉनची जाळी, ऊन खाऊन ठिसूळ झालेली, बोटाखालीच फाटली. "ऑफिसातून सांगितलंय. सगळ्या खिडक्या आणि मागचं दार."

वहिनी ओट्याला टेकली. तिला पुढचं काही विचारायची गरज नव्हती.

कारण जाळीचा नियम तिला पाठ होता. पूर्वी जो तो जायच्या आधी नव्या जाळ्या बसवून घेई आणि महिनाभरात निघून जाई, मग येणारा पुन्हा नव्या मागे. तेव्हा देखभाल विभागाने ठरवलं, ज्याने पुढच्या मुदतीची सही केली, नवा असो की जुना, त्याच्याच घराची जाळी बदलायची. जाणाऱ्याने फाटक्या जाळीत डासांबरोबर दिवस काढावेत. हा नियम तिच्या नवऱ्यानेच केला होता, याच घरात, वरणभात कालवता कालवता, आणि वहिनी तेव्हा म्हणाली होती की बरं डोकं चाललं तुमचं. बायकोपासून महिनाभर गोष्ट लपवणारा हा माणूस स्वतःचाच नियम विसरला होता. सही झाली, खात्याने आपोआप सुतार पाठवला.

सुताराने मापं घेतली. जाताना नेहमीप्रमाणे विचारलं, "नायलॉनचीच ना? की स्टीलची? स्टीलची थोडी वाट बघावी लागते, पण गंजत नाही, फाटत नाही."

दर खेपेला तो हे विचारी आणि दर खेपेला वहिनी म्हणे, नायलॉनचीच लाव रे, आम्ही कुठे जन्म काढणार आहोत इथे. आज तिने काहीच उत्तर दिलं नाही. सुतार टेप गुंडाळून गेला.

दुपारी नवरा जेवायला आला. बूट काढायला त्याला बराच वेळ लागला.

"जाळी बदलताय म्हणे आपली," वहिनी म्हणाली.

त्याचा हात नाडीवर थांबला. "आला होता होय तो?"

"नव्हता यायला पाहिजे?"

"मी सांगणारच होतो तुला."

"कधी? विमानात बसल्यावर?"

तो उठला, हात धुतले, ताटावर बसला. ताट म्हणजे काय, एका पातेल्यातला भात आणि त्याच पातेल्यात मागून केलेली आमटी, कारण बाकीची भांडी नवीकडे गेलेली होती. "सही केली मी," तो खाली बघत म्हणाला. "तीन वर्षांची. नवा जनरेटर येतोय. बसवायला दुसरं माणूस नाही."

"मग जनरेटरशीच लग्न करायचं होतंत. निदान तो तुमच्या शब्दावर विश्वास ठेवून भांडी वाटत सुटला नसता."

तो गप्प राहिला. आणि हा त्याचा गप्पपणा वहिनीला सगळ्यात झोंबला. भांडणाऱ्याशी भांडता येतं. हा माणूस डोकं खाली घालून भात खात होता आणि ती बोलत सुटली होती. अकरा वर्षांचं एकदम बाहेर आलं. तिची आई गेली तेव्हा तिकीट मिळालं नाही ते. लेकीचं बाळंतपण विहिणीने केलं ते. साहेबी सोडवत नाही तुम्हाला, ती म्हणाली, तिकडे गेल्यावर नळाच्या वायसरला कोण सलाम करणार! खोटारडे आहात, आपमतलबी आहात. शेवटचा शब्द तिने असा वापरला की तो इथे लिहिण्यात अर्थ नाही, पण ओळीतल्या तिसऱ्या घरापर्यंत गेला. नवऱ्याने ताट उचललं, स्वतः धुतलं, आणि बूट घालून कामावर गेला.

बातमी अर्थातच फिरली. संध्याकाळी नवी कुकर पदराखाली झाकून आली.

"वहिनी, हा ठेवा तुमच्याकडे. तुम्हाला आता..."

"दिलं ते दिलं," वहिनी म्हणाली.

"अहो, पण तुम्ही डाळ कशात शिजवणार?"

"पातेल्यात. माझी सासू पातेल्यातच शिजवायची, आणि तिला तर मला शिजवायलाही वेळ मिळायचा. जा, घेऊन जा."

नवी कुकर घेऊन परत गेली. मिक्सर तिकडे घर्रघर्र करे, तेव्हा वहिनीला आपल्या घरातली चटणी दुसऱ्याच्या घरात वाटली जातेय असं वाटे. डाळ तासभर शिजे तरी बोटाने दाबून मोडत नसे. नवरा तक्रार न करता खाई, आणि तिला त्याचाही राग येई. दोन माणसं एका घरात, एका टेबलाशी, आणि मधे पंखा तेवढा बोले. दिवे गेले की तोही गप्प.

शेवटी एका सकाळी तिने चहा त्याच्यापुढे आदळला. "तुम्ही राहा इथे. मी जाते. माझं तिकीट काढा."

"एकटी?"

"मला माझं घर आहे. लेक आहे. तुमच्या जनरेटरने तुम्हाला जेवायला वाढावं."

तेव्हा पहिल्यांदा तो घाबरलेला दिसला. भांडणात घाबरला नव्हता, आता त्याने चहा न पिताच कप खाली ठेवला. "घाई करू नकोस," तो म्हणाला. "थोडे दिवस थांब. आणि तिला इतक्यात फोन करू नकोस. मी बोलतो तिच्याशी."

"माझ्या लेकीशी बोलायला मला तुमची परवानगी लागते की काय?"

तो कामावर जाताच तिने फोन लावला. मागचे काही रविवार लेक वडिलांशीच जास्त बोलत होती. आई, तुझा आवाज तुटतोय, म्हणायची. आज आवाज लख्ख येत होता.

"अगं, ऐक तुझ्या वडिलांचे प्रताप," वहिनीने सुरुवात केली. सही, सुतार, जाळी, कुकर, सगळं सांगितलं. "तेव्हा मी एकटीच येतेय. पुढच्या महिन्यात. तुम्ही घर बघायला लागा, नाही मिळालं तर राहू चार दिवस सगळे एकत्र."

पलीकडे लेकीने दार लोटल्याचा आवाज आला. मग लेक म्हणाली, "आई, बाबांनी तुला सांगितलं नाही?"

"काय?"

"बाबांशी बोलणं झालंय आमचं. अगं, ह्यांच्या बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं ना, तेव्हापासून सासू-सासरे इथेच आहेत. तुमची खोली त्यांना दिलीय. एवढ्यात कुठे जातील ते? म्हणून मीच बाबांना म्हटलं, आणखी तीन वर्षं काढा तिकडे, तोवर आम्ही काहीतरी मोठं बघतो. ते लगेच हो म्हणाले. त्यांना काही वाईट वाटलं नाही, खरंच. तू नको वाटून घेऊस."

वहिनीला वाटलं, आता काहीतरी बोललं पाहिजे. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं, असं काहीतरी हसून म्हणावं, म्हणजे लेक हसेल आणि हे सगळं गमतीत जाईल. पण तोंडातून भलतंच आलं. "माझं कपाट?"

"सासूबाईंचे कपडे आहेत त्यात. तुझ्या वस्तू खोक्यांत घालून माळ्यावर ठेवल्यात. नीट ठेवल्यात गं, डांबरगोळ्या टाकून."

"आणि गॅलरी?"

"ती बंद करून घेतली. काचा लावल्या. पिल्लूचं टेबल तिथे बसवलंय." लेकीचा आवाज मऊ झाला. लहान मुलाला समजावताना होतो तसा. "आई, तुला तिकडे किती छान आहे बघ. एवढं मोठं घर, कामाला माणूस, सगळे तुला मान देतात. इथे येऊन दोन खोल्यांत काय करशील तू? आणि ये की पाहुणी म्हणून. महिनाभर ये, हवी तेव्हा ये. तुला कोण नको म्हणतंय?"

"कुणीच नाही," वहिनी म्हणाली. "ठेवते हं. दूध उतू जातंय."

दूध नव्हतंच घरात. तिने फोन मांडीवर ठेवला. मग रडली. मोठ्याने, शेजारी ऐकू जाईल याची पर्वा न करता रडली, कारण तिला राग कुणाचा करावा तेच कळेना. आपलेच दात, आपलेच ओठ. पोरगी वाईट नव्हती. वाईट असती तर सोपं होतं. घरात जागा नव्हती एवढंच तिने खरं सांगितलं होतं, आणि ते घर वहिनीच्या अकरा वर्षांतून उभं राहिलेलं होतं एवढंच तिच्या लक्षात आलं नव्हतं.

नवरा दुपारी आला तेव्हा तिचे डोळे बघून दारातच थांबला. आज त्याने बूटही काढले नाहीत.

"केलास फोन."

"केला."

तो तिच्या समोर खाली जमिनीवर बसला. बऱ्याच दिवसांनी इतक्या जवळ.

"मी तुम्हाला वाट्टेल ते बोलले," वहिनी म्हणाली. "तिसऱ्या घरापर्यंत ऐकू गेलं. आणि तुम्ही तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात बसलात. सांगितलं का नाहीत?"

"काय सांगायचं?"

"तिने नको म्हटलं ते."

त्याने बुटाची नाडी बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. "माझ्यावर चिडलीस तर तू इथल्या इथे चिडतेस. संध्याकाळी मी घरी येतोच. तिच्यावर चिडली असतीस तर ते घर तुटलं असतं. मग तू परत जायचं म्हणून कुठे बघितलं असतंस?"

तो अपराधी नव्हता हे कळूनही तिला हलकं वाटलं नाही. उलट आता घरात रागवायलाही कुणी उरलं नव्हतं. राग होता म्हणून निदान हे दिवस सरले होते.

"जनरेटर खरंच येतोय का?" तिने विचारलं.

"येतोय. पण तो कुणीही बसवू शकतं."

ती उठली आणि त्याला पातेल्यातला भात वाढला. आज दोघं एकदमच जेवली. डाळ शिजली नव्हती.

दोन दिवसांनी सुतार जाळीचं भेंडोळं खांद्यावर घेऊन आला. मागोमाग नवीही आली, तिच्या घरचं माप पुन्हा घ्यायचं होतं. वहिनीने दार उघडलं. तिच्या अंगावर कपाटातली साडी होती, पाचातली सगळ्यात चांगली, जिच्या काठाला अजून दुकानातली घडी होती. नवी बघतच राहिली.

"अय्या! कुठे निघालात?"

"कुठेही नाही. आमटी करतेय." वहिनीने पदर खोचला. "कुकर देतेस का गं परत? डाळ शिजत नाही माझी."

नवी इतकी खूश झाली की धावतच गेली. त्या ओळीत दिलेली वस्तू परत मागणारी वहिनी पहिली होती, आणि ते सगळ्यांना कळणार होतं. कळू दे, तिला वाटलं. ज्याला इथेच राहायचं त्याने कुणाला तोंड लपवायचं?

सुताराने भेंडोळं उलगडलं. नायलॉनची हिरवी जाळी, नेहमीचीच. तिने काही सांगितलं नव्हतं म्हणून त्याने नेहमीची आणली होती.

"ही नको," वहिनी म्हणाली. "स्टीलची आण."

सुताराने कानावरची पेन्सिल काढली, तिच्याकडे बघितलं, पुन्हा लावली. "मॅडम, तुम्ही तर दरवेळी..."

"दरवेळी म्हणायचे. आता स्टीलची लाव. कितीही दिवस लागू देत." नवी कुकर घेऊन परतली होती आणि दारात उभी राहून ऐकत होती. वहिनीने तिच्याकडे बोट केलं. "आणि हिलाही स्टीलचीच लाव."

"अहो, पण आम्ही दोनच वर्षं आहोत, वहिनी," नवी हसून म्हणाली.

वहिनीने तिच्या हातातून कुकर घेतला. झाकण फिरवून बघितलं, शिट्टी जागेवर होती.

"आणि खिळे ठोकू नकोस," ती सुताराला म्हणाली. "स्क्रू लाव. पुन्हा पुन्हा काढायची नाही आता."